बास गिटारच्या तारा कशा निवडायच्या: स्केल मोजण्यापासून सेट चढवेपर्यंत

"कुठल्या कंपनीच्या स्ट्रिंग्स घेऊ?" बास शिकणाऱ्या पोरापोरींकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. मी दरवेळी उलट विचारतो की आत्ता कुठल्या लावल्यात, किती जाडीच्या आहेत, आणि तुझ्या गिटारचं स्केल, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, किती? बहुतेकांना यातलं काहीच माहीत नसतं, आणि त्यात त्यांची चूकही नाही, दुकानात कोणी हे सांगतच नाही, समोर पाकीट ठेवतात आणि पैसे घेतात. पण कंपनी हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. आधी स्केल, मग ट्युनिंग, मग वाइंडिंग म्हणजे तारेवरची गुंडाळी, मग जाडी, मग धातू, आणि हे सगळं ठरलं की कंपनी. याच क्रमाने गेलात तर पैसे वाया जात नाहीत. मी पुण्यात सोळा-सतरा वर्षं बास वाजवतोय, जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे ऑर्केस्ट्रे, रिसेप्शनं, आणि मित्रांचा एक रॉक बँड, त्यामुळे एकाच महिन्यात डग्ग्यासारखा गोल घुमणारा आवाजही लागतो आणि खणखणीत धातूसारखाही. पिकअप (तारेची कंपनं पकडणारं चुंबक) बदलायला, नवा अँप घ्यायला हजारो रुपये लागतात, तारांचा सेट त्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि आवाजातला फरक मात्र पहिल्या सुरालाच ऐकू येतो, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

आधी बघा आत्ता काय लावलंय

काहीही विकत घ्यायच्या आधी हे करा. तारेवरून नख लांबीने फिरवा. खरखर लागली, करवतीच्या बारीक दात्यांसारखं वाटलं, तर राउंडवाउंड. गुळगुळीत पट्टीसारखं लागलं तर फ्लॅटवाउंड. काळं किंवा पांढरं प्लॅस्टिकसारखं आवरण असेल तर टेपवाउंड. मग जाडी. कोणाकडे व्हर्नियर कॅलिपर असेल (इंजिनिअरिंगवाल्या मित्राकडे हमखास असतो) तर चारही तारा मोजून घ्या. आणि मोबाईलवर पंधरा सेकंद रेकॉर्ड करून ठेवा, नेहमीच्या एखाद्या गाण्याची ओळ, नेहमीच्या सेटिंगवर. नवीन तारा चढवल्यावर तीच ओळ तशीच वाजवून रेकॉर्ड करा. कान दोन दिवसांत नव्या आवाजाला सरावतात आणि आधी काय होतं ते विसरतात, रेकॉर्डिंग विसरत नाही.

आणि या तारांमध्ये तुम्हाला नेमकं काय आवडत नाही ते एका वाक्यात लिहा. "आवाज चांगला नाही" असं नको. "ई तार मोकळी वाजवली की नुसती भदभद होते, सूर कळत नाही" किंवा "बोटं सरकवली की चरचर आवाज माईकमधून येतो" असं हवं. पुढचे सगळे निर्णय या एका वाक्यावर चालतात.

पहिली पायरी: स्केल

नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते तिथपासून, बाराव्या फ्रेटपर्यंतचं (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतर मोजा आणि दुप्पट करा, हे तुमचं स्केल. बाराव्या फ्रेटपर्यंत १७ इंच, म्हणजे साधारण ४३.२ सेंमी आलं तर ३४ इंची, याला लाँग स्केल म्हणतात, १९५१ साली फेंडर कंपनीने प्रिसिजन बास आणला तेव्हापासून हेच सगळ्यात जास्त चालणारं माप आहे. १५ इंच आलं तर ३० इंची शॉर्ट स्केल, १६ आलं तर ३२ इंची मीडियम, आणि साडेसतरा आलं तर ३५ इंची, जे पाच तारांच्या गिटारमध्ये बऱ्याचदा दिसतं.

पाकिटावर शॉर्ट, मीडियम, लाँग, एक्स्ट्रा लाँग असं छापलेलं असतं ते याच्याशी जुळवायचं, पण तेवढ्यावर थांबू नका. तारेच्या टोकाला रंगीत रेशमी दोरा गुंडाळलेला असतो, तो नटच्या पलीकडे यायला पाहिजे, वाजणाऱ्या भागात नाही. त्याचबरोबर तारेचा पूर्ण जाडीचा भाग चावीच्या खुंटीवर गुंडाळला जाता कामा नये. म्हणून बॉल एंड, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची गोळी, जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंतचं अंतर टेपने मोजा, आणि दोरा सुरू होईपर्यंत तारेची लांबी त्याहून थोडी जास्त आहे ना ते बघा. काही गिटारांत तार ब्रिजमधून (बॉडीवरच्या ज्या पट्टीला तारा अडकतात ती) न जाता बॉडीच्या मागून वर येते, तिथे इंचभर किंवा जास्तच लांबी लागते, म्हणजे ३४ इंची गिटार असूनही एखादा लाँग स्केल सेट तोकडा पडू शकतो.

हे मी अनुभवाने सांगतोय. सुरुवातीला माझ्याकडे ३० इंची छोटा बास होता, दुकानात शॉर्ट स्केलचा सेट नव्हता, "लाँगच घ्या, कापून टाका, काही होत नाही" असं सांगितलं आणि मी घेतला. ई तारेचा जाड भाग खुंटीवर वळवला, तिसऱ्या दिवशी तालमीत वरची गुंडाळी उकलून तार तुटली. पूर्ण सेट फुकट, कारण बासची एकच सुटी तार मिळणं आपल्याकडे अवघडच. जाड तारेला एवढं कडक वळण सोसत नाही, गाभ्यावरची गुंडाळी सैल होते, मग एकतर ती तुटते नाहीतर तिचा सूर मरतो.

दुसरी पायरी: किती तारा आणि कुठलं ट्युनिंग

ही पायरी छोटी आहे. चार तारांचं नेहमीचं ट्युनिंग ई-ए-डी-जी, सगळ्यात खालची ई म्हणजे ४१.२ हर्ट्झ, आणि पाच तारांमध्ये त्याखाली बी, ३०.९ हर्ट्झ. आपल्या भाषेत सांगायचं तर खर्जाच्याही खालचा खर्ज. पाच तारांचा सेट घेताना पाचवी तार खालची बी आहे की वरची सी ते पाकिटावर वाचा, दोन्ही प्रकार मिळतात. बी तार साधारण १२५ ते १३५ जाडीची येते (हे आकडे काय ते पुढे सांगतो), आणि टेपर्ड बी मिळाली तर बघा, तिचा ब्रिजजवळचा भाग बारीक केलेला असतो, म्हणून ती सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या ज्या तुकड्यावर तार टेकते त्यावर, नीट बसते आणि वरच्या फ्रेटवर सूर कमी हलतो.

तुमचा गायक सगळी गाणी अर्धा सूर उतरवून गात असेल तर तेही आत्ताच लक्षात घ्या. अर्धा सूर उतरवला की तारेवरचा ताण साधारण ११ टक्के कमी होतो, पूर्ण सूर उतरवला तर २० टक्क्यांहून थोडा जास्त. वर्षभर उतरवूनच वाजवणार असाल तर एका मापाने जाड सेट घेतलेला बरा.

तिसरी पायरी: वाइंडिंग, आणि खरा आवाज इथेच ठरतो

बासच्या प्रत्येक तारेत मध्ये पोलादाचा गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते, बऱ्याचदा थरावर थर. सगळ्यात वरच्या थराचा आकार काय आहे यावर आवाजाचा स्वभाव ठरतो. कंपनी बदलून जेवढा फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक इथे पडतो, म्हणून घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, इथे नको.

राउंडवाउंडमध्ये वरची तार गोलच असते. म्हणून खरखर. नवीन असताना आवाजात वरचे स्वर भरपूर, पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा खणखणाट, स्लॅप केलं, म्हणजे अंगठ्याने तार आपटली, की चटका बसल्यासारखा आवाज. तंबोऱ्याला जवारी लावली की सूर कसा उघडतो, त्यातले सगळे स्वर वर येतात, नवीन राउंडवाउंड मला नेहमी तशीच वाटते. रॉक, मेटल, फंक, हल्लीची फिल्मी गाणी, सगळीकडे हीच चालते. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीने 'द हू' बँडचा बासवादक जॉन एन्टविसल याला हवा तसा लखलखीत आवाज मिळावा म्हणून त्याच्याबरोबर बसून या तारा घडवल्या, त्यांचा स्विंग बास ६६ हा सेट आजही मिळतो. तोटे तीन. बोटं सरकवली की चरचर येते, फ्रेट लवकर झिजतात, आणि खाचांमध्ये घाम आणि मळ बसून आवाज पटकन मरतो.

फ्लॅटवाउंडमध्ये वरची गुंडाळी चपट्या पट्टीची असते, पृष्ठभाग गुळगुळीत. आवाज गोल, ठोस, सुरुवातीला एक 'ढम्' आणि मग लगेच मागे सरणारा. सुरुवातीच्या काळात बासवर सर्रास फ्लॅटच असायच्या, म्हणून साठच्या दशकातला जो बासचा आवाज आपल्या कानात आहे तो बऱ्याच अंशी फ्लॅटचाच. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये बास वाजवणारा जेम्स जेमर्सन प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅट लावायचा, ५२ ते ११० च्या, आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा छोटा हॉफनर, तोही फ्लॅटवरच. पण फ्लॅट म्हणजे फक्त जुनी गाणी हा समज चुकीचा आहे, आयर्न मेडन या मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस एवढं घोड्यासारखं दौडणारं वाजवतो ते रोटोसाउंडच्या फ्लॅटवर.

आपल्याकडे जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा वाजवत असाल तर माझं स्पष्ट मत आहे, फ्लॅट लावा. ढोलकी, तबला, कोंगो, वर हार्मोनियम किंवा ॲकॉर्डियन असं सगळं असतं, त्यात राउंडवाउंडचा वरचा खणखणाट कोणालाच जागा देत नाही, डग्ग्याची घुमक आणि बासचा सूर एकमेकांवर आदळतात. फ्लॅटचा सूर पटकन बसतो आणि बाजूला होतो, तबलेवाल्याला मोकळं रान मिळतं. आर. डी. बर्मनच्या ताफ्यात टोनी वाझ बास वाजवायचे, ती सत्तरच्या दशकातली गाणी हेडफोन लावून ऐका, बास किती कमी जागा घेतो आणि तरी गाणं कसं उचलून धरतो ते कळेल. आपल्याला तो परिणाम पाहिजे.

टेपवाउंड म्हणजे धातूच्या तारेवर नायलॉनची पट्टी. आत पोलाद असतं म्हणून साध्या चुंबकी पिकअपवर व्यवस्थित वाजते, पण आवाज आणखी मऊ, डबल बासच्या जवळ जाणारा. बोटांना अगदी सुखाची. जाडीचा आकडा मोठा दिसतो पण ताण बहुतेक सेटमध्ये कमीच असतो, म्हणून आकडा बघून घाबरू नका. फक्त नटच्या खाचेत बसते का ते आधी बघा, नाहीतर तार वर तरंगत राहते. युकुलेली बासला मिळतात त्या रबरी तारा मात्र वेगळ्या, त्यांच्यात लोखंड नसतं, त्या चुंबकी पिकअपवर वाजणारच नाहीत. अकुस्टिक बासच्या ब्राँझच्या तारांचंही थोडं तसंच, ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, फक्त आतला गाभा ऐकू येतो आणि आवाज पातळ येतो.

मधला पर्याय हाफवाउंड, म्हणजे राउंडवाउंड गुंडाळून वरून घासून सपाट केलेली. बोटांना बरीच गुळगुळीत, आवाज दोन्हीच्या मधला. मला स्वतःला ती दोन्ही बाजूंनी अर्धवट वाटते, पण एकच गिटार आहे आणि सगळंच वाजवायचंय अशा माणसाला ती सोयीची पडते, तर ऐकून बघा.

फ्रेटलेस असेल तर थांबा. फ्रेट नसलेल्या लाकडी बोर्डवर राउंडवाउंड तार कानसीसारखी चालते, काही महिन्यांत रोजवुडवर चर पडतात. जॅझ बासवादक जॅको पास्टोरियस फ्रेटलेसवर रोटोसाउंडच्या राउंडच लावायचा हे खरं, पण त्याने बोर्डवर इपॉक्सीचा कडक थर चढवलेला होता. तो थर नसेल तर फ्लॅट किंवा टेप.

चौथी पायरी: जाडी आणि ताण

पाकिटावर ४५-६५-८०-१०० असं असतं. हे इंचाचे हजारावे भाग, म्हणजे जी तार ०.०४५ इंच आणि ई तार ०.१०० इंच. ४० ते ९५-१०० हलका, ४५ ते १०५ नेहमीचा मधला, ५० ते १०५-११० जड, अशी ढोबळ विभागणी धरा. डॅडारिओचा ईएक्सएल१७० हा ४५-१०० आहे, ईएक्सएल१६५ ४५-१०५, अर्नी बॉलचा रेग्युलर स्लिंकी ५०-१०५.

पण हाताला लागतो तो ताण, जाडी नाही. ४५-१०० च्या साध्या सेटमध्ये लाँग स्केलवर चारही तारा मिळून मानेवर साधारण ८० किलोचा ताण असतो. तीच तार, तोच सूर, पण ३० इंची गिटारवर चढवली की ताण जवळपास २२ टक्के कमी, म्हणून शॉर्ट स्केलवर हलका सेट लावला की ई तार लोंबते आणि फ्रेटवर खडखडते, तिथे थोडा जडच सेट लावा. फ्लॅटचं उलटं, त्याच जाडीची फ्लॅट राउंडपेक्षा बहुतेक वेळा ताठ लागते. म्हणून राउंडवर ४५-१०५ वाजवणाऱ्याने फ्लॅटकडे जाताना ४५-१०० किंवा त्याहून हलक्या घ्याव्यात, नाहीतर आठवड्याभरात मनगट दुखायला लागतं आणि दोष फ्लॅटला दिला जातो. अपवाद व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीच्या जॅझ फ्लॅट, ४३-१०० च्या, त्या इतक्या मऊ आहेत की पहिल्यांदा हात लावला तेव्हा मला वाटलं ट्युनिंग उतरलंय.

जड तारेने काय मिळतं? जोरात मारलं तरी सूर हलत नाही, खर्ज भरीव लागतो, ट्युनिंग उतरवलं तरी टिकतं. हलक्या तारेने बोटं पळतात, स्लॅप सोपा, तार ताणून सूर खेचता येतो, पण उजव्या हाताचा जोर आवरावा लागतो. नवीन शिकणाऱ्यांनी "बोटं दुखतात म्हणून हलक्या तारा" असं एकदम करू नका. आधी ॲक्शन म्हणजे फ्रेट आणि तारेमधलं अंतर बघा. दुकानातून येणाऱ्या स्वस्त बासची ॲक्शन बऱ्याचदा नको तेवढी उंच असते, ती नीट करून घेतली की त्याच तारा अर्ध्या वजनाच्या वाटतात.

काहीच कळत नसेल तर ३४ इंची, चार तारांच्या बासला निकेलची राउंडवाउंड ४५-१०५ लावा आणि तीन महिने वाजवा. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. जाडी तीच ठेवून वाइंडिंग, किंवा वाइंडिंग तेच ठेवून जाडी. दोन्ही एकदम बदललं की नक्की कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही.

पाचवी पायरी: धातू, गाभा आणि कोटिंग

राउंडवाउंडमध्ये मुख्य तीन. निकेल प्लेटेड स्टील, म्हणजे पोलादावर निकेलचा पातळ थर, सगळ्यात जास्त खपणारी, समतोल. स्टेनलेस स्टील, सगळ्यात झगझगीत आणि घामाला टिकाऊ, पण कडक, फ्रेट लवकर खाते आणि बोटांखाली कोरडी लागते. शुद्ध निकेल, मऊ, उबदार, जुन्या धाटणीची. ज्यांच्या हाताला खूप घाम येतो, त्यांनी स्टेनलेस एकदा लावून बघावी. मुंबई, वसई, रत्नागिरी, गोवा, अशा समुद्राकाठच्या दमट हवेत साधी निकेलची तार पावसाळ्यात किती पटकन काळी पडते ते तिथे वाजवणाऱ्यांना माहीत आहे.

कोटेड तारा, उदाहरणार्थ एलिक्सर, यांच्यावर अगदी पातळ आवरण असतं, घाम आत जात नाही. महाग आहेत, पण साध्या तारा महिन्यात मरत असतील तर हिशोब जमतो. पिकने (तार छेडायच्या प्लॅस्टिकच्या पातीने) जोरात वाजवणाऱ्यांचं आवरण मात्र ठरावीक जागी सोलटतं.

गाभा षटकोनी किंवा गोल असतो. गोल गाभ्याची तार लवचिक लागते, पण ती कापण्याआधी चावीजवळ काटकोनात घट्ट वाकवायचीच, नाहीतर कापल्याबरोबर वरची गुंडाळी गाभ्यावर सैल फिरते आणि तार मेली. खरं तर मी कुठलीही तार आधी वाकवतो मगच कापतो, पाकिटावर गाभा कुठला ते लिहिलेलं असो नसो.

आता कंपनी

एवढं ठरलं की तुमच्याकडे एक ओळ तयार असते: "लाँग स्केल, चार तारा, राउंडवाउंड, निकेल, ४५-१०५". ही ओळ घेऊन दुकानात जा. यात बसणारा डॅडारिओ, अर्नी बॉल, रोटोसाउंड, डीआर, जो मिळेल तो घ्या, पहिल्या सेटला यांच्यात चुकीचं काही नाही. मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोजसारखी जुनी दुकानं आहेत, तिथे पाकीट हातात घेऊन बघता येतं. साधा निकेलचा सेट दोन हजारांच्या आसपास, फ्लॅट बहुतेक वेळा त्याच्या दीडपट-दुप्पट. ऑनलाइन फारच स्वस्त दिसला तर नकली माल असू शकतो, छपाई पुसट आहे का, पाकीट हवाबंद आहे का बघा, आणि डॅडारिओच्या सेटमध्ये कोड येतो तो कंपनीच्या साईटवर तपासता येतो.

फ्लॅट महाग वाटतात पण वर्षानुवर्षं टिकतात, माझ्या ऑर्केस्ट्राच्या बासवरचा सेट सहा वर्षं झाली तोच आहे आणि दरवर्षी जास्त चांगला लागतो. त्याच काळात दुसऱ्या बासवर राउंडचे किती सेट झाले मोजलेले नाहीत. एक सावधगिरी, बॉडीच्या मागून तार घालायची सोय असेल तरी फ्लॅट शक्यतो ब्रिजमधूनच लावा, मागच्या काटकोनी वळणावर त्या तुटू शकतात, काही कंपन्या तसं सांगतातही.

चढवताना

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तारा बदलू नका, निदान जाडी तरी नाही. एका गणेशोत्सवात मी हे केलं, ४५-१०० काढून ५०-१०५ लावल्या, रात्री सगळं ठीक होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेजवर मान पुढे वाकलेली, ॲक्शन एवढी उंच की दोन तासांत डाव्या हाताची करंगळी सुन्न झाली. जादा ताणाला मान हळूहळू प्रतिसाद देते, त्यात भाद्रपदातली ओल. तेव्हापासून चार-पाच दिवस आधी बदलतो.

एकेक तार काढा, एकेक चढवा, सगळ्या एकदम उतरवू नका, म्हणजे मानेवरचा ताण एकदम जात नाही. फ्रेटबोर्ड साफ करायचाच असेल तर दोन-दोन तारा सैल करून करा. तार ब्रिजमधून घाला, तिला पीळ पडू देऊ नका, टोक मोकळं सोडलं की ती स्वतःच सरळ होते. मग आपल्या चावीच्या पुढे दीड-दोन चाव्यांएवढी, म्हणजे साधारण १०-१२ सेंमी लांबी ठेवून वाकवा, कापा, टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली घाला आणि वरून खाली दोन-तीन वेढे येतील असं गुंडाळा. वेढे खाली गेले की नटवर तार दाबून बसते. सुरात आणल्यावर सॅडलच्या अगदी पुढे बोटाने तार हलकेच खाली दाबा. ही छोटी गोष्ट बरेच लोक करत नाहीत, जाड तार सॅडलवर कमानीसारखी उचललेली राहते, त्यामुळे सूर अस्पष्ट आणि इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरचा सुरेलपणा, चुकीचं येतं. परत सुरात आणा.

एक दिवस जाऊ द्या. मग पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर ई तार एकाच वेळी दाबा (पहिल्यावर कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला तर हात मोकळा राहतो) आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे बघा. साधारण ०.३ ते ०.३५ मिमी पाहिजे, जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी. फट फार असेल तर ट्रस रॉड (मानेतली तिचा बाक सांभाळणारी सळई) घट्ट, अजिबात नसेल तर सैल, एका वेळी पाव फेरा, आणि मग थांबा. जोर लावावा लागत असेल तर सोडून द्या आणि कारागिराकडे न्या. नंतर ॲक्शन: सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली साधारण २.४ मिमी, जी खाली २ मिमी, फेंडर आपल्या बाससाठी याच्याच आसपासचे आकडे देतं. इथून आपल्या हाताप्रमाणे वर-खाली करा.

शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) ट्युनरवर बघा, मग तोच फ्रेट दाबून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे, मानेकडे. तार जाड झाली की हे जवळजवळ नेहमी हलतं. नटच्या खाचेत जाड तार बसत नसेल तर घरच्या कानसीने प्रयोग नको, खाच एकदा खोल गेली की मोकळी तार कायमची खडखडते.

आणि एक, जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर इतरांपेक्षा लवकर मरत असेल तर त्यासाठी तारा बदलत बसू नका. तो मानेच्या कंपनांमुळे होणारा डेड स्पॉट असतो, बऱ्याच बासना असतो, नवीन तारेनेही जात नाही.

सांभाळणं

वाजवून झाल्यावर सुती कापडाने तारा पुसा, वरून आणि चिमटीत धरून खालूनही, कारण मळ खालच्या बाजूला साठतो. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. राउंडवाउंड मेल्याची लक्षणं: ट्युनरचा काटा एका जागी थांबत नाही, बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन जमता जमत नाही, खालून काळे डाग, आणि स्लॅप केलं की नुसता 'थड'. अशा तारा उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं टाकायची जुनी युक्ती आहे, मळ निघतो आणि काही दिवस चमक परत येते, पण लगेच पूर्ण कोरड्या केल्या नाहीत तर गाभा आतून गंजतो. फ्लॅटना याचा उपयोग नाही, टेपवाउंडना तर करूच नका.

उतरवलेला चांगला सेट फेकू नका. मोठी वेटोळी करून त्याच पाकिटात घाला, पाकिटावर चढवल्याची आणि काढल्याची तारीख, गिटार कुठली, आणि दोन शब्दांत आवाज कसा वाटला ते लिहा. माझ्या गिग बॅगेत असं एक जुनं पाकीट कायम असतं, त्यातली ई तार मागच्या डिसेंबरात सांगलीच्या कार्यक्रमात मध्यंतराच्या दहा मिनिटांत चढवली, आणि आधीपासून ताणलेली असल्यामुळे दुसऱ्या भागात ती एकदाही उतरली नाही.